ती टॅक्सी कोणाची होती?

सुपरमॅन पहिल्यांदा जगासमोर आला १९३८ साली, आणि आला तोच एक गाडी फोडत. त्या पहिल्या कॉमिकचं कव्हर नेटवर सहज सापडतं, बघा एकदा. निळ्या कपड्यातला हा बाबा एक हिरवी गाडी डोक्यावर उचलून दगडावर आपटतोय, गाडीचे तुकडे उडतायत, माणसं जीव मुठीत घेऊन पळतायत आणि कोपऱ्यातला एकजण तर डोकं धरून थेट आपल्या अंगावर येतोय. लोक ते बघून म्हणतात काय ताकद आहे. मी बघितलं तेव्हा मनात आलं की चेसिस गेली, रिपेअरचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाणार, टोटल लॉस. गोष्टीत ती गाडी गुंडांची होती, त्यामुळे एकवेळ ठीक. पण त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत हिरो लोकांनी ज्या गाड्या उचलल्या, फेकल्या, ढाल म्हणून वापरल्या, त्या सगळ्या काही गुंडांच्या नसणार ना.

धंदाच असा आहे हो. मी इन्शुरन्सचा सर्व्हेयर, मोटर आणि फायर दोन्ही, म्हणजे तुमची गाडी ठोकली किंवा दुकानात पाणी शिरलं की कंपनी ज्याला "जाऊन बघून या" म्हणते तो. आम्ही कंपनीचे नोकर नसतो, लायसन्स आयआरडीएआयचं, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाचं असतं, पण क्लेमवाल्याला हे कधीच पटत नाही, त्याला वाटतं हा पैसे कापायलाच आलाय. (कापतोच म्हणा, पण पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं, रबर-प्लॅस्टिकच्या पार्टवर निम्मे, फायबरवर तीस टक्के, काचेवर काही नाही, हे मी घरी बसून ठरवलेलं नाहीये.)

तर मोटर पॉलिसीत एक यादी असते, कशाकशाने नुकसान झालं तर पैसे मिळतील त्याची. आग, वीज, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ, दरड, अतिरेकी कारवाई वगैरे वगैरे. त्यातच एक कलम आहे की गाडी रस्त्याने, रेल्वेने, जलमार्गाने, लिफ्टने किंवा हवेतून नेली जात असताना झालेलं नुकसान. हवेतून! लिहिणाऱ्याच्या डोक्यात मालवाहू विमान असणार. पण मध्ये भाचीबरोबर असाच एक सिनेमा बघायला गेलो होतो, त्यात हिरोने एका हाताने पिवळी टॅक्सी उचलली आणि दोन चौक पलीकडे भिरकावली, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "हे हवेतून नेताना झालेलं डॅमेज धरता येईल गं." ती म्हणाली, "मामा, प्लीज." मी म्हटलं, "पण आपटली की ट्रान्झिट संपलं, मग ते बाह्य अपघातात टाकायला लागेल." मागच्या रांगेतल्या माणसाने घसा खाकरला तेव्हा मी गप्प बसलो, पण लक्ष उडालं ते उडालंच. पुढचा तासभर मी त्या टॅक्सीच्या ड्रायव्हरला शोधत होतो. दिसलाच नाही. सिनेमा संपला, ती पाट्या संपल्यावर येणारी पाच सेकंदांची गंमतसुद्धा झाली, तो नाहीच.

घराचं त्या मानाने बरं आहे. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आली, त्यात बाहेरच्या कुठल्याही वस्तूची धडक बसून झालेलं नुकसान कव्हर आहे, उदाहरण म्हणून वाहन, पडणारं झाड, विमान, भिंत असं दिलंय. क्षेपणास्त्र चाचणीने झालेलं नुकसानसुद्धा कव्हर आहे, विनोद नाही, खरंच लिहिलंय. म्हणजे उद्या कोणी हिरो तुमच्या हॉलची भिंत फोडून आत आला आणि बेडरूमच्या भिंतीतून बाहेर गेला तर माझ्या रिपोर्टात तो 'बाहेरची वस्तू' म्हणून आरामात बसतो. घोळ होतो तो युद्धापाशी. युद्धाचं नुकसान घराच्या किंवा गाडीच्या पॉलिसीत मिळत नाही, मग परग्रहावरून फौज उतरली तर ते युद्ध, दंगल की अतिरेकी हल्ला? हे काही मीच डोक्यातून काढलेलं नाहीये. २०१२ मध्ये न्यूयॉर्कवर परग्रहवासी उतरतात तो सिनेमा आला तेव्हा हॉलिवूड रिपोर्टर या मासिकासाठी आपत्तीच्या नुकसानीचे अंदाज काढणाऱ्या एका कंपनीने खरोखर हिशोब मांडला होता आणि आकडा आला होता १६० अब्ज डॉलर. वर त्यांनी हेही म्हटलं होतं की मारामारी करणाऱ्यांत काहीजण काही संस्कृतींमध्ये देव मानले जातात, त्यामुळे याला दैवी आपत्तीसुद्धा म्हणता येईल, फक्त त्यावर वाद जोरदार होईल. मी हे वाचून एकटाच खूप वेळ हसलो होतो, बायकोला सांगितलं तर ती म्हणाली ह्यात हसण्यासारखं काय आहे.

पैसे कंपनीने दिले तरी विषय तिथे संपत नाही. आमच्यात सब्रोगेशन म्हणून प्रकार असतो. म्हणजे असं की तुमचं नुकसान तिसऱ्याच कोणीतरी केलं असेल तर कंपनी तुम्हाला भरपाई देते आणि त्या तिसऱ्याकडून वसूल करायचा तुमचा हक्क स्वतःकडे घेते, त्याच्या कागदावर तुमची सही घेते. आता हा तिसरा तोंडाला मुखवटा लावून फिरतो, पत्ता नाही, पॅन नाही, केवायसी नाही. नोटीस कोणाला पाठवायची? पंचनाम्यात काय लिहायचं, अज्ञात इसम, उंची अंदाजे सहा फूट, केप घातलेला? सगळे म्हणतात की मुखवटा घरच्यांच्या सुरक्षेसाठी असतो, दुश्मनांना कळू नये म्हणून. असेलही. पण आमच्या लायनीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल की मुखवटा वसुलीपासून वाचायला सगळ्यात बेस्ट.

हे सगळे हिरो दिवसा नोकरी काय करतात बघितलंय का कधी? सुपरमॅन पेपरात रिपोर्टर. १९६२ साली आलेला स्पायडरमॅन पेपरला फोटो विकणारा. आपला शक्तिमानसुद्धा पेपरच्या ऑफिसात फोटोग्राफरच होता. पेपरच का, तर फील्डवर चाललो म्हणून कधीही उठून जाता येतं. एकही हिरो तलाठी नाही, बँकेत कॅशियर नाही, लोकलचा मोटरमन नाही. मुंबईतला कुठला क्लार्क जगाला वाचवायला जाणार, अंगठा लावायला दहा मिनिटं उशीर झाला तर लेट मार्क आणि तीन लेट मार्कला अर्धा दिवस कट. शिवाय जाळं टाकून झुलत जायचं तर त्याला उंच बिल्डिंगा पाहिजेत. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागेवर टॉवर झालेत तिकडे झुलेल तो मजेत. भांडुपच्या टेकडीवर पत्र्याच्या घरांवरून कसा झुलणार, दुसऱ्या पत्र्यालाच खाली येईल आणि तो पत्रा कोणाच्या तरी पगारातून नवा घालायला लागेल.

पण समजा आलेच मुंबईत. खरंच आले, आणि एकदा नाही, दर आठवड्याला कुठेतरी यांची मारामारी. मला वाटतं पहिले पंधरा दिवस आपण माना वर करून बघू, व्हिडिओ काढू, टीव्हीवाले त्याच त्याच क्लिपा फिरवतील, आणि नंतर तो सगळा प्रकार मेगाब्लॉकच्या खात्यात जमा होईल. एम-इंडिकेटर ह्या लोकलच्या ॲपवरच्या ट्रेन चॅटवर लोक लिहितील, "दादरला फाइट चालू आहे, फास्ट ट्रॅक बंद, स्लो पकडा." दुसरा विचारणार, "पनवेल चालू आहे का?" आणि त्याला कोणीच उत्तर देणार नाही कारण हार्बरवाल्यांना तसंही कोणी विचारत नाही. अनाउन्समेंट होईल की काही तांत्रिक कारणास्तव गाड्या उशिराने धावत आहेत, प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे. डब्यात एक काका असणारच जे सांगतील की पूर्वीचे हिरो असे नव्हते, काम करायचे आणि निघून जायचे, आता हे लोक पोझ देतात. विंडो सीटवाला मान न उचलता सुडोकू सोडवत बसेल.

सोसायट्यांचं तर विचारूच नका. गच्चीवर कोणीतरी येऊन उतरतं, त्या दणक्याने वॉटरप्रूफिंगला तडे, टॉप फ्लोअरच्या सिलिंगमधून गळती. जनरल बॉडी मीटिंगमध्ये दोन तास त्यावरच. टॉप फ्लोअरवाले म्हणणार खर्च सोसायटीने करायचा, ग्राउंड फ्लोअरवाले म्हणणार आमच्या घरात गळत नाही आम्ही का भरायचं, सेक्रेटरी म्हणणार सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, आणि शेवटी लिफ्टच्या बाजूला नोटीस लागणार की गच्चीवर उतरणाऱ्यांनी वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद करावी, सायंकाळी सातनंतर उतरू नये, पापड-कुरडया वाळत असल्यास इतरत्र उतरावे. वॉचमन बिचारा उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला, बारा तासांची ड्युटी, त्याच्याकडून अपेक्षा अशी की त्याने डोंगर फोडणाऱ्या माणसाकडून फ्लॅट नंबर आणि सही घ्यायची. आणि गंमत म्हणजे तो घेईल. त्याला डिलिव्हरीवाल्यांशी भांडून भांडून सवय झालेली असते.

आणि एजंट लोक! सुपरहिरो आल्याच्या पहिल्याच महिन्यात फोन चालू होतील, सर, तुमच्या पॉलिसीत हिरो ॲक्टिव्हिटी कव्हर नाहीये, ॲड-ऑन घ्या, अगदी थोडक्यात होतंय. हे असंच होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हजारो गाड्या पाण्यात गेल्या, आणि तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की पाण्यात बंद पडलेल्या गाडीला परत स्टार्टर मारला, पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन लॉक झालं, तर ते इंजिनचं नुकसान कंपनी देत नाही. आता त्याचं वेगळं ॲड-ऑन मिळतं. मोठ्या लोकांचं पण तेच, अमेरिकेत ९/११ झाल्यावर जगभरच्या रीइन्शुरन्सवाल्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, अतिरेकी हल्ल्याचं कव्हर काढून घेतलं, मग २००२ मध्ये आपल्याकडच्या कंपन्यांनी मिळून एक सामाईक निधी, म्हणजे 'पूल', उभा केला, जीआयसी री ही सरकारी रीइन्शुरन्स कंपनी तो चालवते. संकट कितीही नवीन असू दे, वर्षभरात त्याचा प्रीमियम ठरतो. ज्याला प्रीमियम परवडतो तो त्या जगातसुद्धा निवांत झोपेल. मला विचार येतो तो बाकीच्यांचा.

मागे एका पावसाळ्यात हिंदमात्याला एका साड्यांच्या दुकानाचा सर्व्हे होता. हिंदमाता म्हणजे पाणी भरणार हे शेंबड्या पोराला पण माहीत आहे, तरी त्या दिवशी पाणी दुकानदारांच्या अंदाजाच्या वर चढलं होतं. मी गेलो तेव्हा पाणी उतरलेलं, भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ, तिच्या खालचे सगळे खण भिजलेले. ओल्या कपड्याचा, डिझेलचा आणि गटाराचा एकत्र वास. सेठ कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला, आणि एक सेल्समन, पन्नाशीचा, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाण्यात उभं राहून राहून पायाची कातडी पांढरी होऊन सुरकुतलेली, तो एकेक साडी मला उलगडून दाखवत होता. काठाचा लाल रंग मोतिया अंगावर उतरलेला, जरीवरून अंगठा फिरवला की काळं येत होतं. मी मोजायचो, लिहायचो, आणि तो प्रत्येक साडी परत व्यवस्थित घडी घालून ठेवायचा, पदर वरती, काठाला काठ जुळवून, जशी गिऱ्हाइकाने नको म्हटल्यावर ठेवतात तशी. ती सगळी भंगारात जाणार होती हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, सॅल्व्हेजवाला बाहेर टेम्पो घेऊन उभाच होता. मी म्हटलं, "काका, घडी नका घालू, नुसत्या टाका बाजूला." तो हो म्हणाला आणि पुढचीही घडी घातली.

सगळं संपत आलं तेव्हा सेठ फोनवर आहे बघून त्याने हळूच विचारलं, "साहेब, ह्यात आमचे दिवस धरलेत का?" दुकान आठवडाभर तरी बंद राहणार होतं, आणि दुकान बंद तर त्याचा रोज बंद. मी त्याला सांगितलं की ह्या पॉलिसीत माल आहे, फर्निचर आहे, धंदा बुडाल्याचे पैसे नाहीत, ते वेगळं घ्यावं लागतं, त्यात पगार बसवता येतात, मोठ्या कंपन्या घेतात. तो "बरं बरं" म्हणाला. रागावला नाही काही नाही. मला पाणी आणून दिलं. सेठही वाईट माणूस नव्हता हो, त्याने स्वतः माल उधारीवर उचललेला, विम्याची रक्कम कमी लावलेली, म्हणजे जे मिळणार तेही प्रमाणात कापून मिळणार. पण त्या सगळ्या कागदांत त्या सेल्समनचं नाव कुठेच नव्हतं, आणि मी रिपोर्टात कितीही लिहायचं म्हटलं तरी कुठल्या रकान्यात लिहिणार? सिनेमात बिल्डिंग पडते तेव्हा मला हाच माणूस आठवतो. बिल्डिंगचं काहीतरी होईल. तिच्यातल्या तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे कामाला असलेल्या पोराचं काय?

आणि मुंबईने असा सिनेमाछाप दिवस एकदा खराखुरा बघितलाय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात कापसाच्या गाठी, तेल, सोन्याच्या विटा आणि साधारण १,४०० टन दारूगोळा, म्हणजे हे सगळं एकत्र भरायची कल्पना ज्या कोणाची असेल त्याला खलनायकाचा पार्ट द्यायला हरकत नाही. आग लागली, बंब आले, जवान होज धरून उभे राहिले, आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या यंत्रावर झाली. शहरावर पेटता कापूस पडला, लोखंडाचे तुकडे पडले, आणि सोन्याच्या विटा पडल्या, एक तर एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली आणि त्याने ती परत केली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आजही देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो ह्यामुळेच.

पण मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त काय धरून ठेवतं सांगू, तर आग विझली त्याच्या पुढचा भाग. तीन दिवसांनी आग आटोक्यात आली, आणि मग ८,००० माणसांनी सात महिने खपून जवळपास ५ लाख टन डेब्रिज उचललं तेव्हा गोदी परत चालू झाली. सात महिने! सिनेमा असता तर "काही महिन्यांनंतर" अशी पाटी टाकून दीड सेकंदात संपवलं असतं. मी सवयीने हिशोब घालून बघितला. आज महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, आणि बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारे दोन प्रकल्प आहेत, एक दहिसरला, एक शिळफाट्याजवळ, प्रत्येकी रोज ६०० टनांचे. म्हणजे ते १९४४ चं डेब्रिज आज ह्या दोघांत टाकलं, दुसरं काही न घेता, एकही सुट्टी न घेता, तरी चौदा महिने लागतील. आणि हा एका दिवसाचा कचरा झाला. दर शुक्रवारी एक लढाई म्हटलं तर मुंब्र्याच्या पुढे ट्रॅफिकच हलणार नाही. गेलेल्या जवानांना दरवर्षी १४ एप्रिलला मानवंदना मिळते, ती मिळायलाच हवी. त्या आठ हजारांचा फक्त आकडा उरला, आणि कामावर असताना रोज किती मिळाला असेल, पायात काय घातलं असेल, कोण कोकणातून आलं असेल कोण घाटावरून, ते सगळं त्या डेब्रिजबरोबरच गेलं.

इथे कोणीतरी म्हणणार की मग तेच खरे सुपरहिरो. नका म्हणू प्लीज. माझी मोठी बहीण नर्स आहे, तिच्यासमोर हे म्हटलं की तिचं डोकंच फिरतं. २०२० मध्ये आधी २२ मार्चला थाळ्या वाजवल्या, मग ३ मेला हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं टाकली, सगळे म्हणायला लागले पांढऱ्या कपड्यातले देव, कोविड योद्धे. ती तेव्हा एका मास्कवर दोन दोन दिवस काढत होती. मी कौतुकाने फुलांबद्दल विचारलं तर म्हणाली, "अरे पडली ना, मग मावशींनी झाडली. आधीच माणसं कमी, त्यात अर्धा तास तो." तिचं म्हणणं सरळ आहे, की एकदा तुम्हाला देव किंवा योद्धा करून टाकलं की तुम्ही पीपीई किट मागितलं तर तुम्ही हलके ठरता. देव कधी ओव्हरटाइम मागतो का? आशाताईंचं, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांचं बघा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पातळीवर गौरव केला, सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्याच बायका महाराष्ट्रभरातून येऊन आझाद मैदानात बसल्या होत्या, मानधनवाढीच्या जीआरसाठी. मी त्या दिवसांत सीएसएमटीवरून येताजाता त्यांना बघायचो, सबवेपाशी वर्तमानपत्र अंथरून भाकरी खात बसलेल्या.

२६/११ ला सीएसएमटीवर गोळीबार चालू असताना विष्णू झेंडे नावाचे अनाउन्सर आपल्या केबिनमध्ये बसून माईकवरून लोकांना सांगत राहिले की कुठून बाहेर पडा, त्याने कितीतरी जीव वाचले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो ह्याच्यासाठी की त्यांनी जे केलं ते त्यांचं रोजचंच काम होतं, अनाउन्समेंट, तीसुद्धा स्पष्ट आणि परत परत. अंगात काही विजेबिजेचा संचार झाला नव्हता. हिरो म्हटलं की आपण त्या माणसाला आपल्यातून बाहेर काढून ठेवतो, आणि मग त्याला घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे, हे विचारायचं आपल्याला बंधन राहत नाही. माझ्या बहिणीला त्या वर्षी हाऊसिंग लोनवाल्यांनी काही फुलं पाठवली नाहीत, ईएमआय पाच तारखेलाच कापला.

ह्या टॅक्सीच्या विषयावर आमच्यात फोर्टमध्ये एकदा चांगलीच जुंपली होती. एक इराणी हॉटेल आहे, तिथे आम्ही तीन-चार सर्व्हेयर आणि एक वकील, मोटर ॲक्सिडेंट क्लेम्सवाले, दुपारी चहाला भेटतो. मी प्रश्न टाकला, की समजा हिरोने काळी-पिवळी उचलून फेकली आणि ती फुटपाथवरच्या माणसावर पडली, तर? वकीलसाहेब लगेच सरसावून बसले. म्हणाले, जखमी माणूस ट्रिब्युनलमध्ये जाणार, मी त्याची केस घेईन, गाडीच्या वापरातून अपघात झाला असं म्हणायला कोर्ट बऱ्यापैकी मोकळा अर्थ लावतं, थर्ड पार्टी इन्शुरन्स तर कायद्याने सक्तीचा आहे, त्यामुळे टॅक्सीच्या कंपनीला धरायचं, भांडायला जागा आहे. आमच्यातला एक म्हणाला, अहो पण टॅक्सी चालू कुठे होती, ती उडत होती. मग त्यावर वीस मिनिटं गेली, उडणारी टॅक्सी वापरात आहे की नाही, आणि बनमस्का थंड होत होता, आमच्यातला सगळ्यात सीनियर माणूस मात्र गप्प होता. त्याचे वडील टॅक्सी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी, ती जात तर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमचीच गेली.

त्याने विचारलं, "आणि टॅक्सीवाल्याला काय?"

वकीलसाहेब म्हणाले, फुल इन्शुरन्स असेल तर ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीखाली, मिळेल. तो म्हणाला, "जुन्या गाडीला फुल कोण काढतो? माझ्या बापाने कधी काढला नाही. थर्ड पार्टी, ते पण पासिंगला लागतं म्हणून." मग हिशोब सोपाच होता. ज्याच्यावर टॅक्सी पडली त्याला कदाचित दहा वर्षांनी काहीतरी मिळेल. ज्याने फेकली त्याचा पत्ताच नाही. ज्याची टॅक्सी गेली त्याला शून्य, वर लोनचे हप्ते चालू, आणि ट्रिब्युनलच्या तारखांना पार्टी म्हणून त्यालाच यावं लागणार, धंदा बुडवून.

"मग करेल काय तो?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"करेल काय म्हणजे? दुसऱ्याची गाडी चालवेल शिफ्टवर. रात्रीची मिळते लवकर, दिवसाची कोणी सोडत नाही." एवढं बोलून त्याने बिल मागवलं, कारण साडेतीनला त्याला कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये स्कूलबस बघायला जायचं होतं.